सासूबाईंची शेवटची नळी

४ जानेवारी

काका,

तुम्हांला आणि काकूला नमस्कार. वाकून करायचा असतो हे माहीत आहे. मी दिवसभर प्रयोगशाळेतल्या टेबलावर वाकलेलीच असते, त्यातलाच एक तुमच्या नावे धरा.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुम्ही काकूला म्हणाला असाल, "खारूताईला काहीतरी हवंय." हवंच आहे. बाबा म्हणाले, "माझ्या चुलतभावाकडे सरळ माग. आडून मागितलंस तर तो त्याहून आडून नाही म्हणेल." म्हणून सरळच मागते. तुम्ही त्या काळी सशापासून जी अँटीबॉडी बनवली होतीत, तिचं सीरम थोडंफार उरलंय का?

माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तुमच्याच जुन्या प्रोटीनवर अडलंय. बाजारातल्या तीन अँटीबॉडी आणून पाहिल्या. एकीला काहीच दिसत नाही, दुसरीला सगळंच दिसतं आणि तिसरी मनात असेल तेव्हाच काम करते. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुझ्या काकांची मिळाली तर बघ, नाहीतर हे प्रकरण सोडून दे." सोडलं तर प्रबंध आणखी वर्षभर लांबणार. एप्रिलच्या शेवटी समितीपुढे उभं राहायचंय आणि हातात काही नाही.

फोन केला असता, पण तुम्ही कानातलं यंत्र कपाटात ठेवून फोनवर बोलता, तेव्हा बोलणं एकतर्फीच होतं.

तुमची,
खारूताई


१२ जानेवारी

खारूताई,

आहे. एकच नळी आहे. माझा जुना विद्यार्थी आता माझ्या खुर्चीत बसतो, त्याच्या फ्रीजरच्या तळाशी मी ती दडवून ठेवलीय. त्याला सांगितलंय, बर्फात घालून तुझ्याकडे पाठव. पोचल्यावर नळीवर शिंकू नकोस, फ्रीजरचं दार उघडं टाकून मित्रांशी गप्पा मारू नकोस, आणि तिचं नाव घेताना जरा अदबीने घे. तिला आम्ही सासूबाई म्हणायचो.

पांढरीशुभ्र ससाबाई होती. पुढ्यात काहीही ठेवा, आधी हुंगायची, मग बाजूला सारायची आणि ठेवणाऱ्याकडे अशी बघायची की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटावं. नाकाने कांदे सोलणं म्हणजे काय, ते तिच्याकडून शिकावं. कानातून थोडं रक्त घेऊ द्यायची, तेही आमच्यावर उपकार केल्यासारखं. म्हातारी होऊन, संचालकांच्या बागेतली गाजरं खाऊन, आरामात गेली. तिचं सीरमही तिच्यासारखंच चोखंदळ. म्हणून तर जगभर मागायचे लोक.

बाकी इथे ठीक. आमच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा बंद आहे. कार्यालयाला चौथं खरमरीत पत्र लिहिलं. एकाचंही उत्तर नाही! पत्रं काकू रोज फिरायला जाताना स्वतः पेटीत टाकते, म्हणजे टपालाला दोष देता येत नाही. माणसंच निगरगट्ट.

काका

ता. क. काकू विचारते, ही अँटीबॉडी म्हणजे नक्की काय? तीस वर्षांत मला तिला समजावता आलेलं नाही. तू बघ.


२ फेब्रुवारी

काका, काका, काका!

आली! पट्टी आली! काळीभोर, ठसठशीत, जिथे यायला हवी बरोबर तिथेच. मी इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या मित्राच्या हातून पिपेट पडलं. मॅडमनी चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं आणि "हं" म्हणाल्या. मॅडमचं "हं" म्हणजे दुसऱ्या कुणाचे फटाके समजा.

आता काकूसाठी. काकू, पेशीला बाहेरून निरोप येतो: वाढ, थांब, सरक. तो निरोप आत पोचवणारं एक प्रोटीन असतं. त्याला आपण निरोप्या म्हणू. निरोप आला की त्याच्या डोक्यावर फॉस्फेटची इवलीशी टोपी चढते. टोपी चढली म्हणजे गडी कामाला लागला. आता एवढ्याशा गड्याची एवढीशी टोपी डोळ्यांना दिसणार कशी? म्हणून अँटीबॉडी. ती ठरावीक आकार ओळखते आणि त्यालाच चिकटते. पेशींतली सगळी प्रोटीनं एका पातळ कागदावर उंचीप्रमाणे पसरवायची आणि वर सीरम ओतायचं. अँटीबॉडी जिथे चिकटेल तिथे काळी पट्टी उमटते. सासूबाईंची खुबी अशी की निरोप्या बोडक्याने समोर आला तर त्या ओळखच देत नाहीत. टोपी घालून आला की लगेच, "अगंबाई, हा आपला!"

निरोप दिलेल्या पेशींत पट्टी गडद, न दिलेल्यांत फिकट. प्रकरण वाचलं काका. आता एकच परीक्षा उरलीय, ती झाली की लिहायला बसते.

नाचत नाचत,
खारूताई


९ फेब्रुवारी

खारूताई,

मला आश्चर्य वाटलं नाही. (काकू म्हणते, खोटं आहे, पत्र वाचून हा गॅलरीत जाऊन चार माणसांना सांगून आला. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.)

परदेशातले दोघंतिघं पूर्वी कुरकुर करायचे की तुमच्या सीरमने आम्हांला भलतंच दिसतं. नाचता येईना अंगण वाकडं! तुला दिसलं ना पहिल्या फटक्यात? तेव्हा अंगण सरळ आहे.

खरं सांगू का, पोरी. निवृत्त झाल्यावर माणूस हिशेब करतो की आपण मागे काय ठेवलं. माझ्या खात्यात दोनच गोष्टी निघाल्या, काकू आणि सासूबाई. त्यातली काकू मी बनवलेली नाही. तेव्हा उरल्या सासूबाई. त्या तुझ्या उपयोगी पडल्या, याचा मला किती आनंद झालाय, ते या कागदावर मावणार नाही. काकूला तुझा निरोप्या समजला. ती आता मला बोडका म्हणते.

काका


११ मार्च

काका,

उशिरा लिहितेय, रागावू नका. इथे हवा छान आहे. प्रयोगशाळेत नव्या खुर्च्या आल्यात, त्यांना चाकं आहेत, त्यामुळे सगळे दिवसभर उगीचच इकडून तिकडे सरकतात. सेंट्रिफ्यूजमधून घरघर येते म्हणून दुरुस्तीवाला आला होता, तो गेल्यावर ती खडखडायला लागली. काकूचा गुडघा कसा आहे? लिफ्ट सुरू झाली का? जिने चढू देऊ नका तिला. बाबांचा दात काढला. आई बरी आहे.

माझं काम चालू आहे.

खारूताई


१६ मार्च

खारूताई,

काकूचा गुडघा बरा आहे. लिफ्ट बंद आहे. पाचवं पत्र गेलं. बाबाच्या दाताचं ऐकून वाईट वाटलं, त्याच्या तोंडात तोच एक खरा होता.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. पानभर पत्रात खुर्च्या आहेत, सेंट्रिफ्यूज आहे, दुरुस्तीवाला आहे आणि सासूबाईंचं नाव नाही. मागच्या पत्रात एक परीक्षा उरलीय म्हणाली होतीस. तिचं काय झालं?

तुला खारूताई का म्हणतात, आठवतं का? आमच्या घरी राहायला आली होतीस, हातून काचेचा पेला फुटला. तुकडे उचलून, रुमालात बांधून उशीच्या अभ्र्यात लपवलेस आणि दोन दिवस त्या उशीवर न झोपता जमिनीवर झोपलीस. काकूने अभ्रा धुवायला काढला तेव्हा उलगडा झाला. आम्हांला पेल्याचं काही नव्हतं गं. तू जमिनीवर झोपलीस, त्याचं वाईट वाटलं होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण प्रयोगशाळेत मूठ उघडावीच लागते. उघड.

काका


२० मार्च

काका,

उघडते.

शेजारच्या मित्राने अशा पेशी तयार केल्यात की त्यांच्यातून निरोप्याच काढून टाकलाय. जो घरातच नाही त्याची पट्टी यायला नको. मॅडमनी सांगितलेली परीक्षा तीच होती. मी हसत हसत करायला घेतली.

पट्टी आली, काका. त्याच उंचीवर, जवळजवळ तितकीच काळी. मला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा आली. म्हणजे सासूबाई ज्याला बघून "आपला" म्हणतायत, तो निरोप्या नाहीच. निदान तो एकटा नाही. तेवढ्याच उंचीचा, टोपी घातलेला, भलताच कुणीतरी आहे. दोघं एकाच जागी उभे, त्यामुळे आत्तापर्यंत कळलं नाही.

प्रकरण गेल्यातच जमा आहे. मॅडम ओरडल्या नाहीत, त्यामुळे जास्तच रडू आलं. पण काका, प्रबंधाचं मी बघून घेईन. एक वर्ष काय, दोन वर्षं. तुम्हांला हे कसं सांगायचं, तेच सुचत नव्हतं. तुमच्या खात्यात दोनच गोष्टी, त्यातली एक मी खोडायची? इतक्या लोकांनी ती वापरलीय, तुमचे पेपर तिच्यावर आहेत. म्हणून खुर्च्यांबद्दल लिहीत बसले.

नळीत आता थेंबभरच उरलंय.

खारूताई


२५ मार्च

खारूताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग चहा केला. मग तिसऱ्यांदा वाचलं.

तू दोन वेळा करून पाहिलंस, तेव्हा ते खरं असणार. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं आणि माझ्या वेळी अशा पेशी असत्या तर मीच पहिला केलं असतं. तू काहीही खोडलेलं नाहीस. चुकीचं होतं ते चुकीचं होतं, तू फक्त दिवा लावलास. जमिनीवर झोपू नकोस.

जिथे पेपर छापला होता त्या नियतकालिकाला पत्र लिहिलंय. "माझी अँटीबॉडी मी म्हटलं होतं ते ओळखत नाही, कृपया तिच्यावर विसंबू नये." लिफ्टवाल्यांना लिहायला मला दहा मिनिटं पुरतात. या तीन ओळींना सबंध सकाळ गेली. काकू दुपारीच बहिणीकडे गेली दोन आठवड्यांसाठी, जाताना टाकते म्हणाली.

घर रिकामं आहे, म्हणून जुनं आठवत बसलोय. त्या म्हातारीपायी आम्ही किती वर्षं कोरा चहा प्यायलो, माहीत आहे? सीरम कालवायला आल्ब्युमिन नावाचं प्रोटीन वापरतात, ते आम्हांला परवडायचं नाही, म्हणून चहाच्या दुधाच्या पावडरीचा डबा सगळा तिलाच लागायचा. आदल्या संध्याकाळी सीरम दुधात कालवून थंड खोलीत ठेवायचं, सकाळी कागदावर ओतायचं. सख्ख्या सासूची कुणी एवढी सेवा केली नसेल. आणि म्हातारीने शेवटी हे असे पांग फेडले! असो. माणसाळलेली जनावरंसुद्धा फसवतात कधीकधी. तिच्यावर राग नाही माझा.

मॅडमना माझा नमस्कार सांग. तुला चांगलं शिकवलंय त्यांनी.

काका


३० मार्च, तातडीच्या टपालाने

काका!!

ते पत्र टाकू नका! टाकलं असेल तर पेटी फोडा!

फोन केला होता. तुम्ही "आवाज येत नाही, पत्र लिहा" म्हणून ठेवून दिलात. तीनदा! काकूचा फोन बंद आहे. म्हणून हे तुम्हांला, आणि असंच एक काकूला तिच्या बहिणीच्या पत्त्यावर.

दूध, काका. दूध!

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: "टोपीवाल्या प्रोटीनांसाठी दूध वापरू नये." कारण दुधातल्या प्रोटीनांवरही तसल्याच फॉस्फेटच्या टोप्या असतात आणि अँटीबॉडी त्यांनाच चिकटून बसतात. नियम शहाणा आहे. म्हणून मी आल्ब्युमिन वापरलं. तुमचा पेपर काढून पाहिला होता मी. त्यात काय लिहिलंय? "पुढील कृती नेहमीप्रमाणे." काका, कुणाच्या नेहमीप्रमाणे? तुमची नेहमीची कृती तुमच्या चहाच्या डब्यात होती, जगाला कशी कळणार?

तुमचा कोरा चहा वाचला आणि मी ताडकन उभी राहिले (खुर्ची चाकांवरून भिंतीला जाऊन आदळली). सशाचं सीरम म्हणजे एक अँटीबॉडी नसते, ती गर्दी असते. त्या गर्दीत काही खऱ्या पारखी, निरोप्याचा चेहरा आणि टोपी दोन्ही बघणाऱ्या. आणि काही नुसती टोपी दिसली की गळ्यात पडणाऱ्या. तुम्ही त्या गर्दीला रात्रभर दुधात ठेवायचात. टोपीला भुलणाऱ्या सगळ्या दुधातल्या टोप्यांना चिकटून तिथेच राहायच्या. सकाळी कागदावर उतरायच्या त्या फक्त पारखी. तुम्ही पैसे वाचवत होतात आणि सीरम आपोआप गाळून निघत होतं!

मॅडमना सांगितलं. थेंबभर उरलेलं लावायचं की नाही, यावर आम्ही दोघींनी बराच वेळ खल केला. फसलं असतं तर पुन्हा करायला काही नव्हतं. मग मॅडम उठल्या आणि त्यांच्या खोलीतला चहाचा डबा स्वतः घेऊन आल्या.

निरोप्या असलेल्या पेशींत पट्टी काळीभोर. निरोप्या काढलेल्या पेशींत काही नाही. कोरा कागद, काका! मी असला सुंदर कोरा कागद जन्मात पाहिला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे.

तुमच्या सासूबाई खऱ्या आहेत. त्यांना फक्त दूध लागतं. ते पत्र कुठे आहे ते कळवा, माझा जीव टांगणीला लागलाय.

खारूताई


२ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र पोचलं. जीव खाली ठेव. पाकीट माझ्या पिशवीत आहे.

तुला म्हणून सांगते. तुझ्या काकाची रागाची पत्रं मी लगेच टाकत नाही. आठवडाभर पिशवीत ठेवते, तोवर त्याचा राग उतरतो आणि पत्र घरातच राहतं. असा संसार झालाय आमचा. लिफ्टची पाचही पत्रं शिवणयंत्राच्या खणात आहेत. काय काय विशेषणं लिहिलीत त्यात! ती पोचली असती तर लिफ्ट सोड, आमचं पाणीही तोडलं असतं त्यांनी.

हे पत्र मात्र रागाचं नव्हतं. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो लिहायला बसला होता. घरातल्या घरात. म्हणून मी खरंच टाकणार होते. पेटीपर्यंत गेले, पाकीट आत अर्धं सारलंही, आणि तो शर्ट आठवला. हात होईना. म्हटलं, रागाच्या पत्राला आपण आठवडा देतो, याला दोन देऊ. परत गेल्यावर पुन्हा विचारू आणि तरीही तो म्हणाला तर टाकू.

लिफ्टचं त्याला सांगू नकोस. मीच सांगेन, पोटभर जेवण झाल्यावर.

तू जेवतेस ना वेळेवर?

काकू


१६ एप्रिल

खारूताई,

काकू घरी आली. जेवायला वाढलं, दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा आग्रह केला, तेव्हाच मी ओळखलं की दाल में नव्हे, सगळ्याच पानात काहीतरी काळं आहे. मग शिवणयंत्राचा खण उघडून दाखवला. पाच नाही, चौतीस पत्रं! टेलिफोनवाले, पाणीवाले, तुझा बाबा (एकदा माझी छत्री परत केली नव्हती), दोन मंत्री. आणि आयुष्यभर मी समजत होतो की जगाला लाज उरली नाही. जग बिचारं निर्दोष होतं, त्याला काही कळवलंच नव्हतं!

रुसून मी तासभर तीच पत्रं वाचत बसलो. मग तिने पिशवीतून ते पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं. मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे. पुढचं तुला सांगत नाही, पण भांडण मिटलं.

तुझं पत्र मी उशीखाली ठेवलंय. लपवायला नाही. सकाळी उठल्याबरोबर हाताशी असावं म्हणून.

पाकीट फाडलं आणि दुसरं पत्र लिहिलं. "ही अँटीबॉडी रात्रभर दुधात ठेवूनच वापरावी, एरवी ती टोपीला भुलते. 'नेहमीप्रमाणे' या शब्दाबद्दल दिलगीर आहे." खाली दोन सह्यांची जागा आहे. वरची तुझी. नाही म्हणू नकोस, मी वयाने मोठा आहे. परदेशातल्या त्या दोघातिघांनाही लिहिणार आहे की तुमचं अंगण सरळच होतं, दूध आमच्याकडे राहिलं होतं.

लिफ्टचं पत्र पुन्हा लिहिलं. काकूने त्यातली विशेषणं काढली, उरल्या दोन ओळी. या वेळी पेटीत मी स्वतः टाकलं. तिसऱ्या दिवशी माणूस आला आणि लिफ्ट सुरू झाली. यावर काकू नुसती लिफ्टने चार वेळा वरखाली करून आली.

रिकामी नळी फेकू नकोस, मला हवी आहे. ती घ्यायला आम्ही दोघं एप्रिलअखेरीस येतोय. बाहेरच्या माणसांना बसू देतात ना समितीच्या वेळी? मी पहिल्या रांगेत असेन. टोपी घालून येईन, म्हणजे तुला लगेच ओळखता येईल.

आणि कपाटातलं ते यंत्र आज काढलं, पुसलं, कानात घातलं. घरात इतके आवाज आहेत हे मला माहीतच नव्हतं. काकू भाजी चिरताना गुणगुणते.

तेव्हा समितीपुढे माझ्यासाठी ओरडून बोलू नकोस. तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल. मला ऐकू येईल.

काका